आजोबांची यादी घेऊन वेट्झलरला

माणसे काशीला जातात, रामेश्वरला जातात. आणि ज्यांची मुले-भावंडे परदेशी स्थायिक झाली आहेत अशी माणसे लंडन-पॅरिसही करून येतात. पण जर्मनीतल्या वेट्झलर नावाच्या गावी मी मुद्दाम जाऊन आले, असे म्हटले की आमच्या स्टाफरूममध्ये पहिला प्रश्न येतो, "तिथं काय आहे?"

मराठीच्या प्राध्यापिकेला या प्रश्नाचे एक भारदस्त उत्तर देता येते. 1772 च्या उन्हाळ्यात तरुण गटे कायद्याच्या उमेदवारीसाठी या गावात राहिला होता. इथेच शार्लोट बुफ नावाच्या मुलीवर त्याचा जीव जडला, आणि दोनच वर्षांनी त्या व्यथेतून 'वेर्थर' ही कादंबरी जन्मली. याच गटेने पुढे 1791 मध्ये आपल्या कालिदासाची शकुंतला जर्मन अनुवादात वाचली आणि तिच्यावर चार ओळींचे स्तुतिपर काव्य लिहिले. एवढे सांगितले की ऐकणाऱ्याचे समाधान होते. पण वाचकांपाशी खोटे कशाला बोलू? मी गेले होते ती गटेसाठी नव्हे. आमच्या आजोबांच्या यादीसाठी.

आमचे आजोबा साताऱ्याला शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. 1957 साली पुण्यातल्या एका कंपनीतला इंग्रज साहेब कायमचा मायदेशी निघाला, तेव्हा त्याचा लायका थ्री-एफ कॅमेरा आजोबांनी विकत घेतला. मास्तरांच्या पगारात हे बसणारे नव्हते. आजीच्या हातातल्या दोन पाटल्यांपैकी एक मोडली तेव्हा कॅमेरा घरात आला. "छंदापायी बायकोची पाटली मोडली" हे वाक्य आमच्या घरात पुढे म्हणीसारखे वापरले गेले. कोणी काही अवास्तव मागितले, की बाबा म्हणत, "बघा हं, पाटली मोडावी लागेल." बाबांनी स्वतः त्या कॅमेऱ्याला कधी हात लावला नाही. आजोबा गेले, आजी गेली, आणि कॅमेरा कपाटाच्या वरच्या खणात कातडी डब्यात तसाच पडून राहिला.

तीन वर्षांपूर्वी घर रंगवायला काढले तेव्हा तो माझ्या हाती आला. सोबत तपकिरी पुठ्ठ्याची एक वही होती. तिच्या एका पानावर आजोबांच्या सुरेख वळणदार अक्षरात एक यादी होती. समारॉन, 35 मिलिमीटर. एल्मार, 90 मिलिमीटर. नारिंगी काच. तांबडी काच. आणि त्याखाली काही अगम्य शब्द : वालू, फिसॉन, स्ब्लू, सूपड.

या शब्दांचे कोडे मला पुढे उलगडले. कॅमेऱ्याच्या प्रत्येक जोडसामानाला लाइट्झ कंपनीने एक छोटे सांकेतिक नाव दिलेले असे. बहुधा पाचच अक्षरांचे. तारेने मागणी पाठवायची तर लांबलचक वर्णन परवडत नाही. पाच अक्षरांत काम भागते. फिसॉन म्हणजे पन्नास मिलिमीटरच्या एल्मार लेन्सची सावली, म्हणजे उन्हाची तिरीप लेन्सवर पडू नये म्हणून पुढे लावायची टोपी. वालू हीही त्याच लेन्सची सावली. पण अधिक सोयीची, कारण ती न काढता छिद्र लहान-मोठे करता येते. स्ब्लू म्हणजे पस्तीसच्या लेन्ससाठी वर बसवायचा वेगळा दर्शक. आणि सूपड ही समिटार नावाच्या लेन्सची घडीची सावली; उघडली की चारी पाकळ्या पसरून खरोखरच लहानशा सुपासारखी दिसते! आजी म्हणे, "वाळू आणि सुपडं आणायला जर्मनी कशाला हवी? इथं मंडईत मिळतात."

कॅमेरा वापरायचा असे मी ठरवले आणि मुंबईला फोर्टात बोराबाजारात एका वृद्ध कारागिराकडे घेऊन गेले. त्यांनी लेन्सच्या मागून विजेरीचा झोत टाकला आणि मला पुढून पाहायला सांगितले. साध्या उजेडात स्वच्छ दिसणारी लेन्स आत धुक्याने भरली होती, आणि कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी होती. "ताई, जुनी लेन्स घ्यायची तर आधी विजेरी घ्यायची," चाचा म्हणाले. हा एक धडा मी वाचकांनाही देऊन ठेवते. बाहेरचा ओरखडा डोळ्यांत खुपतो, पण चित्राचे तो फारसे बिघडवत नाही. आतले धुके दिसत नाही, आणि तेच चित्र पांढरट करून टाकते. चाचांनी लेन्स उघडून साफ केली. बुरशीने काचेवर कोरलेली एक पुसट नक्षी मात्र राहिली. "ही आता जन्माची," ते म्हणाले.

पहिला रोल मी मोठ्या उत्साहाने काढला, आणि तो सारा वाया गेला. ही एल्मार लेन्स दुर्बिणीसारखी आत ढकलता येते. वापरताना ती बाहेर ओढून फिरवून पक्की करावी लागते. मी ती ओढलीच नव्हती! छत्तीस चित्रांत छत्तीस धुकट ठिपके. आजच्या कॅमेऱ्यात किंवा फोनमध्ये अशी चूक तत्काळ दिसते. या जातीच्या कॅमेऱ्यात दिसत नाही, कारण आपण लेन्समधून पाहतच नाही. वरच्या बाजूला दोन निराळ्या खिडक्या असतात. एका खिडकीतून चित्राची चौकट दिसते. दुसरीत एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. लेन्स फिरवीत गेले की त्या जवळजवळ येतात आणि एकरूप झाल्या की अंतर जुळले. आमच्या व्याकरणातल्या संधीसारखेच हे आहे. पण लेन्सवर टोपी राहिली, लेन्स आत राहिली, तरी खिडकीतून जग लख्ख दिसत असते. मी बाबांना हा फजितीचा किस्सा सांगितला. ते वर्तमानपत्र वाचत होते. काही बोलले नाहीत.

गेल्या वर्षी मेच्या सुट्टीत फ्रँकफुर्टला दादाकडे गेले तेव्हा कॅमेरा आणि वही दोन्ही बरोबर घेतली. दादाने यादी पाहिली आणि तो एकदम हळवा झाला.

"आपण सगळी यादी घेऊन टाकू," तो म्हणाला. "आजोबांना जन्मभर जमलं नाही. मला जमतंय."

"अरे, पण मी वापरणार काय त्यातलं?"

"वापरायचं नंतर बघ. यादी पुरी व्हायला हवी."

एका रविवारी सकाळी दादा, वहिनी आणि मी आगगाडीने वेट्झलरला निघालो. फ्रँकफुर्टहून तासाभराचा रस्ता आहे. लान नदीच्या काठचे हे गाव चढावर वसलेले आहे. खाली जुना दगडी पूल, वर अरुंद फरसबंदी गल्ल्या आणि लाकडी चौकटींची पांढऱ्या भिंतींची घरे, आणि सगळ्यांच्या माथ्यावर एक भले मोठे चर्च. या चर्चचे बांधकाम 1230 साली सुरू झाले, ते आजतागायत पुरे झालेले नाही! पुढची बाजू अर्धवटच आहे. नव्या कामाआड जुना मनोरा तसाच उभा राहिला आहे. याच एका छपराखाली कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोघेही प्रार्थना करतात. अपुरेपणाशी जमवून घेतलेले गाव, असे मला वाटून गेले.

गावातला आयझेनमार्क्ट, म्हणजे लोखंडबाजार, हा एक लहानसा चौक. तिथल्या फरसबंदीत एक पाटी बसवली आहे. ऑस्कर बारनाक हा लाइट्झच्या सूक्ष्मदर्शकांच्या कारखान्यात काम करणारा यंत्रज्ञ. त्याला दम्याचा विकार होता. जड कॅमेरा आणि काचेच्या प्लेटा घेऊन डोंगर चढणे त्याला झेपेना. तेव्हा त्याने सिनेमाची अरुंद फिल्म आडवी फिरवून मावेल एवढासा कॅमेरा बनवला, आणि 1914 मध्ये याच चौकातून समोरच्या घराचे चित्र टिपले. मधे महायुद्ध गेले, महागाई गेली. मालक दुसरे अर्न्स्ट लाइट्झ यांनी 1924 मध्ये धोका पत्करून उत्पादनाचा निर्णय घेतला आणि 1925 च्या वसंतात लाइपझिगच्या जत्रेत लायका लोकांपुढे आला. या गोष्टीला 2025 साली शंभर वर्षे झाली.

पण गंमत अशी की त्या पहिल्या लायकाला लेन्स बदलण्याची सोयच नव्हती. माक्स बेरेकने रचलेली एकच पन्नास मिलिमीटरची लेन्स, ती कॅमेऱ्याला कायमची जोडलेली. लेन्स फिरकीने काढा-घालायची सोय 1930 मध्ये आली, आणि अंतर जुळवण्याची खिडकी 1932 मध्ये कॅमेऱ्यात बसली. मग मात्र जोडसामानाचा पूर लोटला. एकोणचाळीस मिलिमीटरच्या त्या आट्यांवर जर्मनीच्याच नव्हे, तर जपानच्या कॅनन-निकॉनच्या आणि रशियन बनावटीच्या लेन्सही बसू लागल्या. 1954 मध्ये लायकानेच आटे सोडून खटक्याची नवी पद्धत आणली. पण एका पातळ कड्याच्या मदतीने जुन्या लेन्स त्या नव्या कॅमेऱ्यांवरही चालतात. तेव्हा 'बसते का' हा प्रश्नच नाही. 'हवी का' हा प्रश्न आहे.

जुन्या कॅमेऱ्यांच्या एका दुकानात आम्ही गेलो. दुकानदार साठीचे, चष्मा कपाळावर ठेवलेले गृहस्थ. दादाने जर्मनमध्ये सगळी हकिगत सांगितली. त्यांनी माझा कॅमेरा हातात घेतला, लेन्स फिरवून काढली आणि आतल्या बाजूला पाहून मान डोलावली. सोव्हिएत संघात लायकाबरहुकूम फेड आणि झोर्की नावाचे कॅमेरे निघत. पुढे कित्येकांनी त्यांवर लायकाचे नाव कोरून ते विकले. अस्सल लायकात लेन्सला टेकणारा भाग हा सहसा लहानसे गोल चाक असतो, नकलेत बहुधा चपटी जीभ. आमचे चाकच होते. आजोबा फसले नव्हते, या विचाराने उगीचच ऊर भरून आला.

मग टेबलावर मखमलीचे कापड पसरून त्यांनी एकेक वस्तू मांडली, आणि दादाच्या दुभाषेगिरीतून माझी शिकवणीच झाली. पस्तीसची लेन्स छोट्या खोलीत, गर्दीत, गल्लीत उपयोगी. पण तिच्यासाठी स्ब्लू हवाच, कारण कॅमेऱ्याची खिडकी फक्त पन्नासचे जग दाखवते. नव्वदची लेन्स चेहऱ्यांसाठी छान. पण तिलाही दर्शक वेगळा, आणि अंतर जुळवण्यात सुतभर चूक झाली तरी डोळ्यांऐवजी कान स्पष्ट येतात. समार नावाची जुनी लेन्स स्वस्तात मिळते, पण तिची पुढची काच मऊ. वर्षानुवर्षे रुमालाने पुसपुसून ती ओरखड्यांनी भरलेली असते. रशियन ज्युपिटर-8 स्वस्त आणि गोड चित्र देणारी. मात्र तिचे माप जर्मन कॅमेऱ्याशी तंतोतंत जुळत नाही, म्हणून जवळच्या वस्तूवर छिद्र पूर्ण उघडून वापरली तर चित्र थोडे निसटते.

आणि रंगीत काचा. काळ्या-पांढऱ्या फिल्मवर निळे आकाश पांढरेफटक येते आणि त्यात ढग विरून जातात. पिवळी काच निळ्याला थोडे अडवते. ढग परत येतात. तिच्यासाठी प्रकाश दुप्पट द्यावा लागतो. नारिंगीला चौपट, तांबडीला आठपट. आणि तांबडीने भर दुपारचे आकाश वादळासारखे काळे होते, गोऱ्या माणसाचे ओठ फिके पडतात. हा सगळा हिशोब डोक्यात ठेवायचा, कारण खिडकीतून पाहताना काचेचा परिणाम दिसत नाही. काच लेन्सवर आणि डोळा दुसरीकडे. म्हणून पहिल्या वर्षी एकच काच घ्या, पिवळी. आणि एकच सावली घ्या. "दोन गोष्टी ज्याला आठवतात त्याला चांगली चित्रे मिळतात, दहा गोष्टी ज्याच्यापाशी असतात त्याला जड पिशवी मिळते," असे काहीसे ते म्हणाले.

आंरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकाराने 30 जानेवारी 1948 ला गांधीजींची भेट घेतली, आणि त्याच संध्याकाळी गांधीजींची हत्या झाली. त्या दिवसांची त्याची चित्रे जगभर गेली. तो बहुतेक काम पन्नासच्या लेन्सवरच करी. हे मी वाचलेले होते, आता पटले.

दादाला मात्र पटत नव्हते. "किंमत सांगा सगळ्याची," तो म्हणाला. दुकानदारांनी कागद घेतला आणि वहीतली यादी एकेक करून उतरवू लागले. शेवटचा शब्द झाला तेव्हा आणखी काही राहिले का, हे पाहायला त्यांनी पान उलटले. जर्मन माणूस, काम अर्धवट ठेवायचा नाही. त्या पानामागे काही असेल असे मला कधी वाटलेच नव्हते. पुढची पाने कोरी होती, म्हणून मी तेही कोरेच धरले होते.

"आणि हे काय लिहिलंय?" त्यांनी वही माझ्यापुढे केली.

तिथे महिनावार शिल्लक मांडलेली होती. कधी पाच रुपये, कधी सात, मेच्या लग्नसराईत फोटो काढून मिळालेले पंधरा. 1958 पासून 1963 पर्यंत. वर शीर्षक होते 'पस्तीससाठी'. ते शीर्षक खोडून खाली लिहिले होते, 'पाटली आधी.' शेवटचा आकडा 1963 च्या सप्टेंबरचा. आणि त्यापुढे, 'सोनाराकडे दिले. चौदाचीच मिळते. चालेल.'

1963 च्या जानेवारीत सरकारने सुवर्णनियंत्रणाचे नियम आणले आणि चौदा कॅरटहून चोख सोन्याचे नवे दागिने घडवायला बंदी घातली, हे तेव्हाच्या बायका अजून विसरलेल्या नाहीत. आजीच्या हातात दुसरी पाटली आली होती, ती त्याच दिवाळीत. पहिलीशेजारी ती जरा फिकी, लालसर दिसे. आजीने घरखर्चातून वाचवून ती केली, अशी आम्हा सगळ्यांची समजूत. आजीनेही ती कधी मोडून काढली नाही. का, ते तिचे तिलाच ठाऊक. आणि ती पाटली आता कुठे होती? दादाच्या लग्नात आजीने नातसुनेच्या हातात घातली होती. त्या क्षणी वहिनी दुकानाच्या काचेला टेकून उभ्या होत्या, आणि ती त्यांच्या मनगटावर होती.

मी ती ओळ मोठ्याने वाचली. दादा बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने दुकानदारांच्या हातातला किमतीचा कागद हलकेच घेतला आणि घडी घालून खिशात ठेवला.

"वहिनी, ही पाटली..." मी म्हटले.

"मी तर हिला 'हलकी' म्हणून रोजच्याला घालत होते हो," वहिनी मनगटाकडे पाहत म्हणाल्या.

आम्ही एक पिवळी काच घेतली. छत्तीस मिलिमीटरची, एल्मारच्या तोंडावर नुसती दाबून बसणारी. आणि फिसॉन. वालू दुकानात होती, पण तिची किंमत ऐकून आजीची आठवण झाली.

याच वेट्झलरमध्ये 2022 च्या जूनमध्ये एका लिलावात खुद्द बारनाकने वापरलेला कॅमेरा 1 कोटी 44 लाख युरोंना गेला. जुन्या कॅमेऱ्याला जगात एवढे मोल चढलेले नव्हते. दादाने परतीच्या वाटेवर हे सांगितले तेव्हा मी वहीचे ते पान पुन्हा काढले. पाच, सात, पंधरा. दोन्ही आकडे खरेच. पण मला वाचता येत होते ते एकच.

गाडीला वेळ होता म्हणून आम्ही पुलावर थांबलो. आकाशात पांढऱ्या ढगांचे पुंजके होते. पिवळी काच लावली, प्रकाश एक घर वाढवला, लेन्स बाहेर ओढून पक्की केली. एल्मार मीटरभरापेक्षा जवळचे स्पष्ट दाखवत नाही, तेव्हा वहिनींना कठड्यावर हात टेकून तेवढ्या अंतरावर उभे केले. खिडकीत दोन पाटल्या दिसत होत्या. लेन्स फिरवली, दोहोंची एक झाली. मग बटण दाबले.

घरी परतल्यावर तो रोल धुऊन आला. बुरशीच्या त्या जन्मखुणेमुळे की काय, चित्रात उन्हाच्या कडा थोड्या पसरल्या आहेत. पण ढग आले आहेत, नदी आली आहे, आणि मनगट अगदी स्पष्ट आले आहे. साताऱ्याला जाऊन मी ते चित्र आणि वहीचे पान बाबांपुढे ठेवले. बाबांनी आधी पान वाचले. दोनदा वाचले. चष्मा काढून पुसला. मग चित्र उचलून खिडकीजवळ नेले आणि पाठमोरेच म्हणाले,

"या वेळी लेन्स बाहेर ओढली होतीस, नाही का? मी एकदा लहानपणी चोरून काढला होता रोल. माझाही असाच सगळा वाया गेला होता."